मागच्या सीटखालची फळी

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला आम्ही ज्याच्या घराच्या मागच्या भागात भाड्यानं राहायचो, त्या म्हाताऱ्यानं जागा देण्याआधी मला तीन प्रश्न विचारले होते. सिगारेट ओढतोस का? कुत्र्यांना घाबरतोस का? टाइप करता येतं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ऐकायला तो थांबलाही नाही. तिसऱ्याला मी हो म्हणालो, तेव्हा त्यानं खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. कुत्रा त्याच्याकडे नव्हताच. तो प्रश्न एकदम मुद्द्यावर यायला नको म्हणून मध्ये घातलेला होता.

ही दोन हजार पाच-सहाच्या आसपासची गोष्ट. मी पुण्याहून वर्क परमिटवर आलो होतो आणि बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम करायचो. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून त्या त्यांना ईमेलनं कळवणं. पुण्याच्या माणसाला या कामाचा वेगळा पगार मिळतो, याचं माझ्या सासऱ्यांना फार नवल वाटायचं. बायको तेव्हा नोकरी शोधत होती आणि नोकरी मिळेपर्यंत माझ्या चुका शोधत होती.

टायपिंगचं कोडं पहिल्याच शनिवारी सुटलं. घरमालकानं मला बागेतल्या शेडमध्ये नेलं आणि एका लांबलचक वस्तूवरची चादर ओढली. खाली मोटार होती. पहिल्या महायुद्धाच्याही आधीची. पुढे टोपलीएवढे पितळी दिवे, चाकांना बैलगाडीसारखे लाकडी आरे, हँडब्रेक दाराच्या बाहेर, आणि भोंगा असा की दाबला की बदक गुदमरल्यासारखं वाटावं. ती बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. त्याच्या आजोबांनी हौसेनं घेतलेली ही गाडी घरातून कधी बाहेर गेली नव्हती. म्हणजे एकदाच गेली होती, युद्धावर.

"युद्धावर?" मी विचारलं.

"हॅम्पशरपर्यंत," तो म्हणाला. "पण युद्धासाठी."

हे घर हॅम्पशरमध्येच होतं. पण मी काही बोललो नाही, कारण त्याचा चेहरा गंभीर होता. मग त्यानं सगळं सांगितलं. युद्धाच्या पहिल्या वर्षी फ्रान्सला लढायला गेलेले हिंदी सैनिक जखमी होऊन जहाजानं यायचे. त्यांच्यासाठी न्यू फॉरेस्टच्या बाजूला इस्पितळं उघडली होती. त्यातल्या एका इस्पितळाला आजोबांनी ही गाडी देऊन टाकली. पुढची सीट ठेवून मागचा भाग कापला, तिथे लाकडी खोका बसवला, वरून कॅनव्हास ताणलं, आणि झाली रुग्णवाहिका. स्टेशनवरून जखमींना आणायचं, बरे होत आलेल्यांना जरा मोकळ्या हवेत फिरवून आणायचं, असं तिचं काम. युद्ध संपल्यावर गावच्या सुतारानं खोका मोडला, त्याच फळ्या वापरून मागची सीट पुन्हा उभी केली, आणि गाडी घरी आली.

या सगळ्याचा तो इतिहास लिहीत होता. हातानं, पेन्सिलीनं, जुन्या पत्रांच्या पाठीमागे. मी घरी बायकोला सांगताना त्याला 'गाडीची बखर' म्हणायला लागलो आणि ते नाव आमच्यात तरी कायम झालं. दर शनिवारी सकाळी मी त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायचो. तो सांगायचा, मी टाइप करायचो. मध्येच चहा यायचा आणि चहाबरोबर मऊ पडलेली बिस्किटं.

बखरीची नायिका होती त्याची आत्या. घराच्या बोळात तिचा फोटो होता. लांब कोट, डोक्यावर टोपी, हनुवटी वर, एक हात गाडीच्या बॉनेटवर. सबंध युद्धभर इस्पितळाची ही गाडी आत्यानंच चालवली, असं घरात सगळे सांगत आले होते. आत्यानं लग्न केलं नाही, मरेपर्यंत याच घरात राहिली, आणि भाच्यावर तिचा भारी जीव होता. तिच्याबद्दल बोलताना म्हाताऱ्याची पाठ आपोआप ताठ व्हायची.

अडचण एवढीच होती की पुरावा नव्हता. इस्पितळाचे कागद कुठे मिळेनात. आणि जुन्या मोटारवाल्यांचा जो क्लब होता, त्याच्या बुलेटिनचा संपादक हा एक भूगोलाचा निवृत्त शिक्षक होता. तो म्हाताऱ्याच्या मागे हात धुऊन लागला होता. त्यानं छापून टाकलं होतं की, 'गाडीला हात लावून उभं राहणं म्हणजे गाडी चालवणं नव्हे. माझाही एका हत्तीला हात लावलेला फोटो आहे.' त्या एका वाक्यावरून दोघं कित्येक वर्षं बोलत नव्हते. क्लबच्या जेवणालाही टेबलाच्या दोन टोकांना बसायचे.

मे महिन्यात एका शनिवारी म्हाताऱ्यानं बखर बाजूला ठेवली आणि मागची सीट नव्यानं भरायला काढली. गादीतले घोड्याचे केस बाहेर यायला लागले होते. आम्ही दोघांनी गादी उचलली, तिच्याखालची रुंद फळी सुटी केली आणि उलटी करून गवतावर ठेवली. फळीच्या खालच्या बाजूला इतक्या वर्षांची धूळ आणि तेल साचलं होतं. तो फडक्यानं पुसायला लागला. पुसता पुसता थांबला.

"सुताराच्या खुणा," तो म्हणाला.

मी वाकून बघितलं आणि तसाच गुडघ्यांवर बसलो. सुताराच्या खुणांना शिरोरेषा नसते. चाकूच्या टोकानं किंवा खिळ्यानं कुणीतरी शांतपणे, वेळ घेऊन, बाळबोध अक्षरं कोरली होती. आणि ती हिंदी नव्हती. मराठी होती. खंदक खणणाऱ्या, पूल बांधणाऱ्या पलटणींमधून आपले लोक फ्रान्सला गेले होते, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण हॅम्पशरमधल्या गवतावर गुडघे टेकून त्यांच्यापैकी एकाचं अक्षर वाचायला मिळेल असं कधी मनात आलं नव्हतं. मी बोटानं एकेक अक्षर लावत गेलो.

'गाडी फार आदळते. हाकणारी आंधळी आहे. जपून बसा.'

मी पुन्हा वाचलं. तेच होतं.

"तुला वाचता येतंय!" म्हातारा ओरडला. "तुझी भाषा आहे? काय म्हणतो तो? प्रार्थना आहे का?"

आता इथे मला खरं सांगायचं होतं. खरंच सांगायचं होतं. पण 'प्रार्थना आहे का' असं विचारताना त्यानं डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. टोपी काढलेल्या माणसाला तुझी आत्या आंधळी होती, असं कसं सांगणार?

"साधारण तसंच," मी म्हणालो.

"शब्दशः सांग."

शब्दशः म्हटल्यावर मला चेव चढला. खोटं बोलायचं तर निदान चांगलं बोलावं. "देव या गाडीचं रक्षण करो," मी सावकाश, एकेका अक्षरावर बोट ठेवत म्हणालो. "आणि तिच्या सारथ्याचंही." मग सारथी म्हणजे काय ते सांगावं लागलं, त्यासाठी कुरुक्षेत्र काढावं लागलं, आणि मी इतका रंगात आलो की शेवटी जखमी सैनिकाला प्रत्यक्ष अर्जुनाच्या जागी बसवून मोकळा झालो. म्हातारा गवतावर बसून ऐकत होता. त्याचे डोळे भरून आले होते. माझेही थोडेसे आले. स्वतःच्या थापेनं गहिवरणारा मी पहिलाच नसेन.

संध्याकाळी बायकोला खरा मजकूर सांगितला. ती कांदा चिरत होती. "हाकणारी आंधळी? म्हणजे ती बोळातली आत्याबाई?" ती सुरी खाली ठेवून हसायला लागली आणि हसता हसता खुर्चीत बसली. मग मी काय भाषांतर केलं ते सांगितलं. ती हसायची थांबली.

"उद्या सकाळी जाऊन खरं सांगून टाक."

"सांगतो."

"तू नाही सांगणार."

"अगं, सांगतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरंच गेलो. म्हातारा फोनवर होता. स्कॉटलंडमधल्या चुलतभावाला तो कुरुक्षेत्र समजावून सांगत होता. मी परत आलो.

पुढच्या तीन आठवड्यांत ही थाप माझ्या हाताबाहेर गेली. बखरीत नवीन प्रकरण आलं, ते मीच टाइप केलं. गावच्या मैदानावर जूनमध्ये उन्हाळी जत्रा भरायची, त्यात जुन्या मोटारी मांडायच्या. म्हाताऱ्यानं तिथे ठेवायला एक सुंदर पाटी रंगवून घेतली. काळ्या पाटीवर सोनेरी अक्षरात माझं भाषांतर, खाली बारीक अक्षरात, 'एका जखमी हिंदी सैनिकाची प्रार्थना'. आणि शेजारी स्टँडवर ती फळी. मी स्वतःला समजावलं की या जत्रेला येणाऱ्यांत मराठी वाचणारे दोनच लोक असणार, एक मी आणि दुसरी माझी बायको.

जत्रेच्या दिवशी सकाळी बायको जरा जास्तच खुशीत दिसली. तिनं साबुदाण्याचे वडे केले होते, पंचवीस जणांना पुरून उरतील एवढे.

"एवढे कशाला?"

"मराठी मंडळातल्या लोकांना बोलावलंय. पिकनिक. सहा-सात फॅमिलीज येताहेत."

मी तिच्याकडे बघत राहिलो.

"मी कुणालाही काहीही सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "जुनी गाडी आहे, बघायला या, एवढंच म्हटलं. डॉक्टरकाकूपण येणारेत."

डॉक्टरकाकू म्हणजे आमच्या मंडळातलं सगळ्यात जुनं माणूस. सत्तरच्या दशकात नवऱ्याबरोबर आल्या, आधी ग्लासगोला आणि मग इकडे इस्पितळात भूलतज्ज्ञ म्हणून नोकरी केली. अर्ध्या हॅम्पशरला मी झोपवलंय, असं त्या अभिमानानं सांगायच्या. पण त्यांच्यासमोर कुणी डुलकी घ्यायचं धाडस करत नसे. मंडळाच्या पत्रकातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्या लाल पेनानं दुरुस्त करून सेक्रेटरीला परत पाठवायच्या.

मी मैदानावर सगळ्यांच्या आधी पोचलो. फळीसमोर पिकनिकची टोपली ठेवली. म्हाताऱ्यानं येऊन ती हलवली. मग मी माझा कोट फळीवर टाकला. म्हाताऱ्यानं तो घडी करून माझ्या हातात दिला. शेवटी म्हाताऱ्याची पाठ फिरताच मी फळी स्टँडवरून काढली, गवतावर आडवी टाकली आणि तिच्यावर बसलो. येणारे-जाणारे सोनेरी पाटी वाचायचे, मग प्रार्थना कुठे आहे म्हणून इकडेतिकडे बघायचे. मी वडा खात बसून राहिलो.

"अरे, ऊठ," वरून आवाज आला. डॉक्टरकाकू. डोक्यावर मोठी उन्हाळी हॅट, हातात काठी. "तुझी बायको आत्ताच म्हणाली, इथे मराठीत काही कोरलेलं आहे."

"काकू, तुम्ही बसा ना आधी. वडा घ्या."

"मी उभीच बरी आहे. तू ऊठ."

मी उठलो. काकूंनी काठीनं फळीवरचं गवत बाजूला केलं आणि वाकल्या. ओठ हलताना दिसले. मग सरळ उभ्या राहून त्यांनी सोनेरी पाटी वाचली. मग परत फळी. मग माझ्याकडे बघितलं. मी लहानपणी शाळेच्या बाकावर कर्कटकानं नाव कोरताना सापडलो होतो, तेव्हासुद्धा कुणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

नेमका त्याच वेळी म्हातारा आला. काकूंना बघून त्याला कोण आनंद झाला! "तुम्हालाही वाचता येतं? भाषांतर बरोबर आहे ना?"

मी डोळे मिटले.

"भाषांतर," काकू त्यांच्या खास ग्लासगोच्या वळणाच्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "अतिशय उदार आहे."

म्हाताऱ्याला ही स्तुतीच वाटली. तो लवून हसला. पण त्याच्या मागे एक उंच, वाळकुडा माणूस वही घेऊन उभा होता. बुलेटिनचा संपादक. तो थेट म्हाताऱ्याशी बोलला नाही, हवेत बोलला. "प्रार्थना चांगली आहे. पण सारथी म्हणजे पुरुष की बाई, ते यात कुठे आहे?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं. फार आशेनं बघितलं. "आहे का रे तसं काही? तुमच्या भाषेत कळतं का?"

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हाकणारी. आंधळी. ज्या एका गोष्टीसाठी हा माणूस इतकी वर्षं इस्पितळांचे आणि सरकारी दप्तरांचे उंबरे झिजवत होता, ती फळीवर दोनदा कोरलेली होती. आणि मी तिच्यावर सारथी आणून बसवला होता.

"सारथी... सांगता येत नाही," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. माझ्या वाक्यातल्या सारथ्याबद्दल खरंच सांगता येत नव्हतं.

संपादकानं वहीत काहीतरी लिहिलं आणि समाधानानं निघून गेला. म्हातारा नुसता मान हलवत राहिला. काकूंनी मला दंडाला धरून दोन पावलं बाजूला नेलं.

"वेलांटी दिसत नाही तुला, गाढवा?"

"दिसली काकू. आत्ता दिसली."

"उद्या संध्याकाळपर्यंत त्याला खरं सांग. नाहीतर परवा मी फोन करीन. आणि मी भूल न देता सांगते."

सोमवारी ऑफिसातून आल्यावर मी बॅगसुद्धा न ठेवता सरळ त्याच्या स्वयंपाकघराच्या दारावर टकटक केलं. त्यानं चहा ठेवला. मी म्हणालो, चहा नंतर. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. खरी तीन वाक्यं सांगितली, शब्दशः. मधलं जरा भरभर सांगितलं.

तो खुर्चीत बसला. किटलीची शिट्टी वाजली तरी उठला नाही, मीच गॅस बंद केला.

"आंधळी," शेवटी तो म्हणाला.

"म्हणजे, तसं नाही, आमच्यात रागानं असं म्हणतात..."

तो उठला आणि दार उघडून बागेत गेला. मी खिडकीतून बघत होतो. शेडचं दार उघडलं, तो आत गेला. मला वाटलं, आता आपल्याला महिनाअखेर जागा सोडावी लागणार. बायकोला काय सांगायचं ते मी मनात जुळवत होतो. दहा-पंधरा मिनिटांनी मीही शेडमध्ये गेलो.

तो गाडीत, स्टिअरिंगसमोर बसला होता. मला वाटलं रडतोय. खांदे हलत होते. जवळ गेल्यावर कळलं, हसतोय. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तिचा चष्मा पर्समध्ये असायचा," तो म्हणाला. "आयुष्यभर पर्समध्येच राहिला. चष्म्यात ती म्हातारी दिसते असं कुणीतरी तिला म्हणालं होतं. मी सात-आठ वर्षांचा असताना ती मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन जायची. मला त्या डॉक्टरची भीती कधीच वाटली नाही. तिथे पोचलो, यातच आनंद असायचा. एकदा चर्चच्या फाटकातून गाडी आत नेली. फाटक बंद होतं." त्यानं डोळे पुसले. "घरात कुणी हे बोलायचं नाही. फोटोतल्या बाईबद्दल असं बोलत नाहीत."

मग त्याचं हसू थांबलं आणि त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. "तू 'ती' म्हणालास मघाशी."

"हो."

"हे तू ठरवलंस, की तिथे लिहिलंय?"

मी फळी आणली. त्याचं बोट धरून 'हाकणारी'च्या शेवटच्या अक्षरावर ठेवलं, वर वळलेल्या रेघेवरून फिरवलं. मग 'आंधळी'वर. सांगितलं, पुरुष असता तर इथे नुसता काना असता. मराठीत गाडी हाकणारा माणूस बाई आहे की पुरुष, हे सांगितल्याशिवाय त्याला शिव्याही देता येत नाहीत.

तो बोट तसंच खाचेत ठेवून बसला. आणि मग तो चिडला. इतका वेळ हसणारा माणूस खरोखर चिडला.

"हे तू तीन आठवडे माझ्यापासून लपवलंस? मी त्या माणसासमोर काल उभा होतो, तू शेजारी उभा होतास, आणि तू 'सांगता येत नाही' म्हणालास?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"मला आशीर्वाद नको होता रे. मला साक्षीदार हवा होता!"

मी सॉरी म्हणालो. इंग्लंडमध्ये दिवसातून पन्नासदा म्हणतो तसं नाही, खरंच म्हणालो. त्यानं विचारलं, तिसरं वाक्य पुन्हा सांग.

"जपून बसा."

"हे कुणाला म्हणतोय?"

"त्याच्यानंतर त्या जागी जो कुणी येईल त्याला."

"भला माणूस," म्हातारा म्हणाला, आणि खाली उतरला.

शिक्षा मला मिळालीच. प्रार्थनेचं अख्खं प्रकरण पुसून नव्यानं टाइप करायला लागलं, कुरुक्षेत्र वगळून. सोनेरी पाटी काढून टाकली. नवी पाटी त्यानं स्वतः रंगवली, 'आंधळी' सगळ्यात मोठ्या अक्षरात. आणि बुलेटिनला पाठवायला मराठीतल्या लिंगविचारावर मी दीड पानाचं पत्र लिहिलं. शाळेत ज्या व्याकरणाचा मी मनापासून तिरस्कार केला होता, ते मी परक्या देशात, इंग्लिशमध्ये, एका भूगोलाच्या मास्तरांसाठी समजावून सांगत होतो. बायको मागे उभी राहून वाचत होती आणि आपलं मत देत होती, ते मी इथे लिहीत नाही.

संपादकाचं उत्तर दोन ओळींचं आलं. याच भाषांतरकारानं याच फळीचं आधी वेगळं भाषांतर केलेलं आहे, तेव्हा दुसऱ्या तज्ज्ञाचं मत हवं. मुद्दा बिनतोड होता. मी डॉक्टरकाकूंना फोन केला.

काकूंनी मत दिलं ते त्यांच्या जुन्या इस्पितळाच्या छापील कागदावर, मेडिकल सर्टिफिकेटच्या भाषेत. मी सदर फळीची समक्ष तपासणी केली आहे. दोन्ही दीर्घ वेलांट्या सुस्थितीत आहेत. सदर चालक स्त्री होती याबद्दल माझ्या मते शंका नाही. चालकाच्या दृष्टीबद्दल मत देण्यास मी पात्र नाही, परंतु रुग्णाचं म्हणणं मी नेहमी ऐकून घेत आले आहे. खाली सही, त्याखाली सगळ्या डिग्र्या.

या कागदापुढे मास्तरांचं काही चाललं नाही. पण ते हटवादी होते. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय छापणार नाही, असा निरोप पाठवून ते एका रविवारी दुपारी आले, खिशात भिंग घेऊन. म्हाताऱ्यानं दार उघडलं. दोघांनी हवामानाबद्दल एकेक वाक्य टाकलं. मग मास्तर शेडमध्ये गुडघ्यांवर बसले आणि वेलांट्या भिंगातून तपासल्या. वीसेक मिनिटं तरी तपासल्या. मी प्रत्येक अक्षर समजावलं. त्यांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं, आणि खरं सांगतो, त्यांचं बाळबोध अक्षर माझ्यापेक्षा बरं आलं.

"ठीक आहे," ते उठत म्हणाले. पहिल्यांदाच हवेत न बोलता ते म्हाताऱ्याशी बोलले. "तुझी आत्याच चालवत होती. आणि वाईट चालवत होती."

"फार वाईट," म्हातारा अभिमानानं म्हणाला.

चहा झाला. चहावर मास्तरांनी मला विचारलं की सगळ्याच वस्तूंना तुमच्याकडे असं असतं का. गाडी? ती, मी म्हणालो. बरोबर, ते म्हणाले, आम्हीही गाडीला तीच म्हणतो. रस्ता? तो. नदी? ती. डोंगर? तो. भूगोल असल्यामुळे ते खुलले होते. इंजिन? ते, मी म्हणालो. म्हणजे? म्हणजे तोही नाही आणि तीही नाही, तिसरंच. हे त्यांना अजिबात पटलं नाही. इंजिन ज्या गाडीत आहे ती जर बाई आहे, तर इंजिन तिसरंच कसं, असं म्हणून ते माझ्याशी भांडायला लागले, आणि आश्चर्य म्हणजे म्हातारा त्यांच्या बाजूनं भांडायला लागला. दोघंही मला एकदम समजावत होते की माझ्या भाषेत मूलभूत घोटाळा आहे.

मी हात टेकले. म्हटलं, पाहिजे तर डॉक्टरकाकूंना विचारा. दोघंही गप्प झाले.

पुढच्या बुलेटिनमध्ये अर्धं पान छापून आलं. हत्तीचा उल्लेख मागे घेतला होता. तो मजकूर म्हाताऱ्यानं कापून आत्याच्या फोटोच्या चौकटीत, खालच्या कोपऱ्यात खोचला. मास्तर मग बहुतेक रविवारी यायला लागले. ते आले की दोघं शेडमध्ये जाऊन गाडीचं हँडल कुणी मारायचं यावर वाद घालायचे. आम्ही ग्लासगोला बदली होऊन गेलो त्या दिवशी सकाळीही तेच चाललं होतं. मी निरोप घ्यायला शेडच्या दारात उभा राहिलो, तर म्हातारा म्हणाला, जरा थांब, आधी हे सुरू होऊ दे. आमची टॅक्सी बाहेर उभी होती. गाडी काही सुरू झाली नाही, आणि आम्ही तसेच निघालो.